पायथन दळला तो शनिवार

टक असा आवाज यायला पाहिजे होता, तो आलाच नाय.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला की आमचा एसी थोडा वेळ गप बसतो, मग भिंतीवरच्या डब्यात टक वाजतं आणि घूं सुरू होतं. मी उभी, कान भिंतीकडं. टक नाय. स्क्रीनवर रोज हिरव्या शेताचं चित्र येतं, ते बी नाय. सगळं काळं, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारकी पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक.

"कांताबाई! ओ कांताबाई! आतमधी किती झालं बघा!"

काचेच्या पलीकडनं कांताबाई म्हणली, "सव्वीस. का गं?"

"एसी लागंना."

"मग लाव की."

"लागंना म्हणते ना! कॉम्प्युटरच मेलाय!"

"तू काय केलंस?"

"मी नाय, मॅडमनी सांगितलं ते केलं."

"म्हंजे तूच केलंस," कांताबाई म्हणली. मग परत थर्मामीटर बघितलं, आणि हळूच म्हणली, "सत्तावीस झालं गं शीले."

मे महिना होता. बाहेर पैठण रोडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आत लोखंडी मांडण्यांवर वरपासून खालपर्यंत काचेच्या बाटल्या, बाटलीत केळीची बोटाएवढी रोपं. हजारोनं. सगळी आम्ही बायांनी हातानं कापून लावलेली. खोली तापली तर दोन दिवसात सगळं उकडून पिवळं पडतं. मग शेतकऱ्याला द्यायला काय नाय, नवीन लावायला बी काय नाय, आणि आम्हाला काम बी नाय.

आता सांगते नीट. हा अंक काढणाऱ्या ताई म्हणल्या, तुमच्या कामाचं लिहा, जसं बोलता तसंच लिहा. मी दहावीला इंग्रजीत गेले, परत बसले, परत गेले, मग लग्न झालं. म्हणून जसं येतंय तसं लिहिते. पळत पळत लिहिते, माझी लेक मैतू झोपलीय तोवर.

मी पंचशीला, सगळे शीला म्हणतात. शहरात छावणी भागात राहते. चितेगावच्या अलीकडं एक लॅब हाय, केळीची रोपं करायची, तिथं मी कामाला. लॅब म्हणलं की लोकांना रक्त-लघवी वाटतं. तसलं नाय. चांगल्या केळीच्या कोंबाचा एक तुकडा घ्यायचा, बाटलीत साखर-औषधाची जेली असते तिच्यात लावायचा, त्याला फुटवे आले की ते कापून परत नव्या बाटलीत. एकाचे चार, चाराचे सोळा. चिमटा आणि ब्लेड जाळावर धरायचा, हात स्पिरिटनं पुसायचे, बांगड्या काढायच्या, बोलायचं नाय, शिंकायचं तर नायच. एक थेंब घाण गेली की बाटलीत बुरशी.

शेतकरी येतात न्यायला, त्यांना खरं वाटत नाय. एक आजोबा आले होते सोयगावकडचे, त्यांनी बाटली डोळ्याजवळ धरली, उलटी केली, परत सरळ केली. म्हणले, "बाई, ह्याला केळं कधी लागायचं? माझ्या नातवाच्या लग्नात?" मी म्हणलं, "बाबा, पुढल्या वर्षी घड खाली टेकंल." ते म्हणले, "घड टेकतो का मी टेकतो ते बघू." दुसऱ्या वर्षी आले, पोराला घेऊन, आणि दुप्पट रोपं घेऊन गेले. त्या दिवशी कांताबाई आणि मी असं छाती काढून चाललो होतो गेटपर्यंत, जसं काय आम्हीच त्या केळीला जन्म दिला.

पण एक रीत तिथं हाडात भिनवतात. जुनं काढल्याबिगर नवं आणायचं नाय. टेबलावरची जुनी बाटली, जुना चिमटा, जुना कापूस, सगळं आधी बाहेर, मग पुसणं, मगच नवं आत. जुन्याशेजारी नवं ठेवलं की आमच्या लॅबच्या मॅडमचा आवाज, "शीला, काय शिकवलंय मी?" ही रीत चांगलीच हाय. तिच्यानंच त्या शनिवारी घात झाला.

कॉम्प्युटर माझ्या गळ्यात कसा पडला ते बी सांगते, लाजायचं काय आता. तो ठेवलाय कपडे बदलायच्या खोलीत. बाहेरचे कपडे काढून पांढरा अंगरखा घालायची ती खोली. मैतू तेव्हा दहा महिन्यांची, वरचं दूध घ्यायची नाय. बाटली नाय, वाटी नाय, चमचा नाय. तोंड असं घट्ट मिटायची. मी सकाळी पाजून निघायची, दुपारपर्यंत माझी छाती दगड. मग त्या खोलीत दाराला कडी लावून बेसिनमध्ये पिळून टाकायचं. दूध सांडताना कसं वाटतं ते ज्या बाईनं केलंय तिलाच माहीत.

तर एकदा मी अशीच उभी, आणि भिंतीवरचा फोन वाजला. उचलला. पलीकडं निखिलदादा, पुण्याला राहणारा पोरगा, आमच्या लॅबचं कॉम्प्युटरचं बघतो, माझ्यापेक्षा लहानच असंल. म्हणला, "ताई, स्क्रीनवर काय दिसतंय जरा वाचून दाखवता?" मी अंगरखा सावरत वाचलं. एक एक अक्षर. इ, आर, आर, ओ, आर. तो म्हणला, "ताई, तुम्ही फार छान वाचता. बाकीचे म्हणतात, लाल काहीतरी आलंय." झालं. तवापासून फोन आला की, शीलाला बोलवा. मला कौतुक वाटायचं आणि भीती बी. एक बटण चुकलं की हजारो बाटल्या, असं मनात चालू.

त्या आठवड्यात दादानं नवा प्रोग्राम केला होता, दुसऱ्या खोलीचं टेम्परेचर बी त्यातच बघायचं म्हणून. आता हे मला दादानं जसं समजावलं तसं सांगते. प्रोग्राम म्हणजे हुकमाचा कागद. अमुक गरम झालं की एसी लाव, अमुक थंड झालं की बंद कर. पण कागद आपला आपण काय करत नाय. तो वाचून करून घेणारा कोणीतरी आत बसवावा लागतो. त्याचं नाव पायथन. कांताबाईनं विचारलं, "म्हंजे काय रे बाबा?" दादा म्हणला, "अजगर." कांताबाई म्हणली, "कॉम्प्युटरात अजगर सोडलाय आणि आम्हाला सांगत बी नायत!"

तर आतमधला जुना पायथन नवा कागद वाचू शकत नव्हता. नवा पायथन पाहिजे. नव्या कॉम्प्युटरला तो तयार मिळतो, पिठाच्या पिशवीसारखा. आमचं डबडं इतकं जुनं की त्याच्यासाठी तयार पिशवी कोणी करतच नाय. मग काय करायचं, तर गहू आणायचा आणि त्याच्याच घरात, त्याच्याच जात्यावर दळायचा. दादानं पुण्याहून तो गहू, म्हणजे पायथनचा कच्चा माल, कॉम्प्युटरात आणून ठेवला होता. शनिवारी फोनवर सांगतो, तुम्ही टाइप करा, म्हणला.

शनिवारी मॅडम सुट्टीवर, त्यांच्या भावाची हळद. दुपारी दादाच्या आधी त्यांचाच फोन आला, मागं बाया हसतायत, ढोलकं वाजतंय. "शीला, निखिल फोन करेल नव्या पायथनचा. तोवर जुना काढून ठेव. तुला माहितीच आहे." मी म्हणलं, व्हय मॅडम. त्यांनी मोबाईलवर ओळ पाठवली, मी अक्षर अक्षर टाइप केली. कॉम्प्युटरनं ही मोठी यादी दाखवली आणि विचारलं, करू का, वाय का एन. मी मॅडमला विचारलं, "मॅडम, लई नावं आलीत." मॅडम म्हणल्या, "जुनं असंच पसरलेलं असतं, वाय दाब." त्यांच्या मनात बी कापूस-चिमटाच, माझ्या बी मनात तेच. दाबलं. मग स्क्रीनवरच्या खिडक्या विचित्र झाल्या, मॅडम म्हणल्या बंद करून चालू कर, आणि मग जे झालं ते तुम्हाला सांगितलंच.

मी दादाला फोन लावला.

"दादा, जुना पायथन काढलाय, आता स्क्रीन काळी झालीय आणि एसी लागंना."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दादा?"

"ताई... का काढला?"

"नवा आणायचा होता ना."

"ताई, तो आपल्या एकट्याचा नव्हता. कॉम्प्युटर स्वतःची कामं पण त्याच्याकडूनच करून घेत होता. चित्र दाखवणं, वायफाय जोडणं. नवा त्याच्या शेजारी ठेवायचा होता."

शेजारी. मी त्या खुर्चीवर बसूनच घेतलं.

आतनं कांताबाई, "अठ्ठावीस!"

भिंतीवर हातानं एसी लावायची बटणं होती. दोन एसी, पण दोन्ही एकदम लावले की मेन बटण पडायचं, आणि एकच लावून ठेवला की त्याच्यावर बर्फ चढायचा. कांताबाई आळीपाळीनं एक लावायची, एक बंद करायची, थर्मामीटर बघायची, शिव्या द्यायची. बाकीच्या बाया हाफ डे करून गेलेल्या. रविवारी लॅब बंद. सोमवारपर्यंत बटणं दाबत उभं राहणार कोण?

दादा म्हणला, "गहू आहे अजून आत. नेट गेलं तरी चालेल. दळू आपण. ती लुकलुकणारी रेघ आहे ना, तिथं नाव टाका."

"कुणाचं नाव? माझं?"

"नाही ताई, कॉम्प्युटरचं."

नाव टाकलं. मग कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. मी टाइप करते तर अक्षरंच उमटंना. "दादा, बटणं बी गेली!" "नाही ताई, पासवर्ड दिसतच नाही, मुद्दाम. टाइप करत राहा." आता सांगा, न दिसणारं लिहायचं. मी डोळे मिटूनच लिहिलं, उघडे ठेवून तरी काय फरक. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा आत गेले.

मग त्या गव्हाचं गाठोडं सोडायचं. मग त्यातनं निघालेल्या फोल्डरात शिरायचं. "पायथनचा पी मोठा, ताई." "आणि डॉट. मग तिरकी रेघ." "कोणत्या अंगाला पडलेली, दादा?" "म्हणजे?" "डावीकडं पडलेली का उजवीकडं? इथं दोन हायत." तो हसला. मला रडायला आलं होतं, पण त्याचं हसणं ऐकून जरा बरं वाटलं.

मग पहिलं काम सुरू झालं. ते दळण नाय अजून, ते नुसतं घर तपासणं. कॉम्प्युटर स्वतःलाच विचारतो, हे हाय का? येस. ते हाय का? येस. अमुक हाय का? नो. ओळी पळतायत आणि मी नो दिसला की ओरडतीय, "दादा, नो आला! आणखी एक नो!" तो म्हणला, "येऊ द्या ताई, सगळ्यांच्या घरात सगळं नसतं." मी म्हणलं, खरंय बाबा.

मग त्यानं चार अक्षरांचा एक शब्द सांगितला, मेक. "हे दळण. आता मध्ये थांबवायचं नाही, हात लावायचा नाही." एंटर दाबलं. आणि कॉम्प्युटरचा डबा असा घरघरायला लागला, त्याचा पंखा असा ओरडायला लागला, मला वाटलं आता उडतो. ओळीवर ओळ, काही समजत नाय, मधीच वॉर्निंग लिहून येतंय, मी विचारलं वॉर्निंग म्हणजे धोका ना, तो म्हणला, "धोका नाही, कुरकुर. कुरकुर करत दळतो तो." आमच्या सासूबाईंसारखं म्हणा की.

दळण संपंना. मी बसले, उठले, काचेजवळ गेले, परत आले. कांताबाईला पाणी दिलं. अंगरखा पुढनं भिजायला लागला, दुपारचं पिळायचं राहूनच गेलं होतं. बेसिनपाशी गेले, आणि इतक्यात मोबाईल. आत्याबाई. माझी सासू. मागं मैतूचं रडणं, ते भुकेचं, ओळखू येतं.

"निघाली का नाय?"

"आत्याबाई, इथं जरा मोठं काम..."

"आधी लेकराला पाज, मग केळाला पाज. साखरपाणी दिलं ते बी थुकलं तिनं."

"गाडीनं येते, आत्याबाई. गाडीच्या टायमाला निघतेच."

मी असं म्हणले आणि कॉम्प्युटरची घरघर थांबली. पळत गेले. दळण झालं होतं. मी दादाला ओरडून सांगितलं, झालं, झालं! तो म्हणला, "शेवटच्या ओळी वाचा." मी वाचल्या. काही तुकडे झाले नाहीत असं लिहिलं होतं, आणि खाली त्यांची नावं. मी एक एक अक्षर वाचत गेले. एस, एस, एल, म्हणलं तशी त्यानं मला थांबवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"ताई, हा खोली थंड ठेवेल. पण ओरडणार नाही."

मला कळलंच नाय. मग त्यानं सांगितलं. खोली तापली की प्रोग्राम आम्हाला मोबाईलवर निरोप पाठवतो, मॅडमला, मला, गेटवरच्या चाचांना. तो निरोप कुलूप लावून पाठवावा लागतो, आणि कुलूप करायचा तुकडाच दळला गेला नव्हता. त्याचा कच्चा माल आमच्या डब्यात नव्हता, आणि आणायला नेट नाय. म्हणजे खोली थंड राहिली तर राहिली. नाय राहिली तर कोणाला कळायचं नाय.

"मी उद्या स्वतः येतो," दादा म्हणला. "सकाळी निघतो, दुपारपर्यंत पोचतो. तोवर..."

"तोवर चालंल ना हा?"

"चालायला पाहिजे."

"पाहिजे का चालंल, दादा?"

"ताई, नवा पायथन, नवा प्रोग्राम. तुमच्या मशीनवर एकदाही चाललेला नाही. मी कसं सांगू?"

एवढं खरं बोलणारा पोरगा मला त्या घडीला अजिबात आवडला नाय. खोटं बोलला असता तर मी निघून गेले असते.

नवा पायथन जागेवर ठेवायचा शब्द त्यानं वेगळा सांगितला. साधा ठेवायचा शब्द असतो, त्याच्यापुढं आणखी तीन अक्षरं लावली, म्हणजे जुन्याची जागा मोकळी राहते. मी म्हणलं, जुना तर गेला. तो म्हणला, "उद्या मी त्याला परत आणणार आहे. त्याला त्याची जागा लागेल." मग त्यानं प्रोग्राम लावायची ओळ सांगितली. मोठी ओळ होती. एंटर दाबताना माझं बोट थांबलं, कांताबाई काचेला नाक लावून उभी. दाबलं.

टक.

घूं.

कांताबाईनं दोन्ही हात वर केले, आणि आत नाचायचं नाय, बोलायचं नाय, सगळे नियम विसरून म्हणली, "जयभीम गं माझे बाई!" मी हसले, आणि त्याच हसण्यात रडले बी. दहावीला दोनदा गेलेली मी, आणि माझ्या हातानं पायथन दळला. एकदम अशी गुर्मी आली अंगात, खोटं कशाला बोलू.

पण मग लगेच गेटवरनं हॉर्न. कंपनीची गाडी शहरात सोडायला निघते संध्याकाळी, एकच फेरी. ती चुकली की पैठण रोडवर उभं राहून कोण मिळंल ते बघायचं.

गेटवरचे शेखचाचा दारापर्यंत आले. "बेटी, गाडीवाला चिल्ला रहा. आती के नै?"

मी कांताबाईकडं बघितलं.

ती म्हणली, "तू जा. मी थांबते. घरी कोण रडतंय माझ्यासाठी?"

"आणि प्रोग्राम अडकला तर? प्रोग्राम चालू असताना हाताची बटणं ऐकत नायत, तो मोडावा लागतो आधी."

"कसा मोडायचा?"

"दोन बटणं. हे आणि हे, एकदम."

"मग दोनच हायत की. दाव."

मी दाखवली. तिनं दाबून बघायला हात नेला आणि मी तिचा हात धरला, "आता नाय! आता नका दाबू!" ती दचकली. मग बोटाकडं बघत म्हणली, "शीले, मला ए म्हणजे घराचं छप्पर एवढंच ठावं. मोडलं तर परत उभं कसं करायचं?" परत उभं करायला ती मोठी ओळ. पासवर्ड, न दिसणारा. मी एका कागदावर काढून दिली असती अक्षरं, चित्रासारखी. तिनं जुळवली असती का? जुळवली बी असती. बाई हुशार हाय.

चाचा म्हणले, "बच्ची को इधर मंगा ले ना, इतना क्या सोचती?" मी आत्याबाईंना फोन लावला. मैतूचे पप्पा सेकंड शिफ्टला, मोटरसायकल त्यांच्याकडं. आत्याबाई म्हणल्या, "ह्या उन्हानं तापलेल्या रिक्षात लेकरू घालून त्या कारखान्यात आणू? डोकं फिरलंय का तुझं?" आणि खरं तर आणलं असतं तरी आत घ्यायची परवानगी नाय. मुलाच्या तोंडाचं दूध, लाळ, सगळी बुरशीची आई.

मॅडमचा फोन लागंना. हळद लागली असंल.

मी बाहेर गेले. गाडीचा दरवाजा उघडा, आतल्या सीटवरची रबराची गरम वाफ तोंडावर आली. ड्रायव्हर म्हणला, "वैनी, चढा की." मी एक पाय वर टाकला. एक पाय खाली. मैतूचं रडणं माझ्या कानात, आणि मागं भिंतीपलीकडं घूं चालू होतं, चालू होतं का नव्हतं ते गाडीच्या इंजिनमुळं नीट ऐकू येईना. मी ड्रायव्हरला म्हणलं, "बंद कर जरा इंजिन." तो म्हणला, "कशापायी?" मी म्हणलं, "ऐकू दे."

त्यानं बंद केलं. घूं चालू होतं.

मी पाय खाली घेतला.

गाडी गेली. मैतूच्या पप्पांना मेसेज केला, तर फोन आला, मागं मशीनचा आवाज. मी सगळं सांगितलं. मग म्हणले, "बघ, तुझं तू." रागानं नाय म्हणले. रागानं म्हणले असते तर मी भांडले असते.

पुढचं सांगण्यासारखं काय नाय, हेच सांगायचंय. काय झालंच नाय. एसी टक करून लागायचा, टक करून बंद व्हायचा. कांताबाई आणि मी खोलीबाहेर चटईवर, एक झोपली की दुसरी थर्मामीटर बघायची. मला तीन वेळा बेसिनपाशी जावं लागलं. प्रोग्राम एकदा बी अडकला नाय. रविवारी दादा आला, पाठीला बॅग, केस उडालेले, खरंच पोरगाच. त्यानं बघितलं, म्हणला, "ताई, तुम्ही परफेक्ट केलंय." जुना पायथन परत आणला, कुलपाचा तुकडा करून घेतला, आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. म्हणला, बघा, भांडत नाहीत.

बाटल्या सगळ्या जगल्या. पावसाच्या आधी रोपं गेली शेतकऱ्यांकडं. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, आणि जुनं-नवं असं काही म्हणताना आता त्या आधी माझ्याकडं बघतात. त्यानंतर आणखी दोन कॉम्प्युटरवर मी दळण केलं, दादा फोनवर, पण त्याला आता कमी बोलावं लागतं. नो आला तरी मी ओरडत नाय. कोणता नो सोडायचा आणि कोणत्या नोला थांबायचं ते मला कळतं.

त्या रविवारी मी दिवस कलताना घरी पोचले. पाय धुतले, मैतूला घेतलं, पदराखाली घेतलं. तिनं मान फिरवली. मला वाटलं झोपेत असंल. परत घेतलं. तिनं परत मान फिरवली, आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं ओळखीच्या पण दुसऱ्याच्या घरच्या बाईकडं बघतात. आत्याबाईंनी रात्री वाटीनं दूध पाजलं होतं. भुकेनं हरली होती पोरगी, आणि घेतलं तिनं. तवापासून अंगावरचं तोंडात घेतलंच नाय. मी आठ-दहा दिवस बघितलं. झोपेत लावून बघितलं, अंधारात लावून बघितलं. माझ्या माहेरच्यांनी सांगितलं, दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, होतं असं, आता मोठी झाली, बरंच झालं. बरं झालं असंल. आत्याबाई एक शब्द बोलल्या नायत. एरवी एवढं बोलतात, त्यावर एक शब्द नाय.

आता मैतू पळते, भाकरी खाते, केळं तर लई आवडतं तिला. सगळं चांगलं हाय. कामावर बी मान हाय. पण रात्री कधी जाग आली की मी त्या गाडीच्या दारातच उभी असते. मी नसते थांबले तरी प्रोग्राम चालला असता, बाटल्या जगल्या असत्या, हे आज सगळे सांगतात. कांताबाईनं कागद बघून ती ओळ जुळवली असती, ती स्वतः म्हणते. त्या संध्याकाळी हे कोणाला माहीत नव्हतं. माझा एक पाय गाडीत होता आणि एक खाली.

तुम्ही बाया असाल, बाप्ये असाल, लेकुरवाळ्या असाल का नसाल, खरं सांगा. तुम्ही काय केलं असतं? चढला असता का?